खोली बंद होत नाही

रात्रीचे साडेअकरा. कूलरमधलं पाणी संपलंय,
नळाला पाणी परवा.
स्क्रीनवर नरसूबाई कुरापाटींचं घर,
आणि घरातली तिसरी खोली
खोली आहे हेच सॉफ्टवेअरला मान्य नाही.

चार भिंती आहेत. दार आहे.
फरशी टाकायला गेले की फरशी बसत नाही,
क्षेत्रफळ विचारलं की शून्य.
म्हणतं, कडा जुळत नाहीत.
मी कोपऱ्यात शिरते, चाक फिरवते, आणखी आत,
भिंत एवढी मोठी होते की भिंत वाटत नाही,
आणि तिथं, ईशान्येला, फट:
अकरा मिलिमीटर.
एवढ्यातून मुंगी जाईल जेमतेम,
आणि अख्खी खोली गेली.

भिंत ओढून चिकटवली,
तर समोरची नव्वद अंशातून सुटली.
ती सरळ केली, तर जिना दारात आला.
जिना मागं सारला, तर वरच्या पायरीवर
माणसाचं डोकं स्लॅबमधून आरपार.
सॉफ्टवेअरमधला तो राखाडी माणूस,
पाच फूट नऊ इंच, बूट घातलेला.
काही बोलला नाही.

मठपती सर फोनवर म्हणाले,
प्लॉट चौकोनी धर आणि झोप. कोण बघतंय?

सकाळी टेप घेऊन विडी घरकुलला गेले.
जुनी मागाची शेड. माग भंगारात गेले,
बोल्ट अजून जमिनीत, पायाला लागतात.
टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं नातवाकडे, अंबादासकडे.
पुढची भिंत चौदा फूट दोन.
मागची चौदा फूट पाच.
पुन्हा मोजली. चौदा पाच.
तीन इंच वाकडं घर, तीस वर्षं,
आणि त्यात राहताना कुणाचं काही अडलं नव्हतं.
"धोटा भिंतीला लागलालता," नरसूबाई म्हणाल्या,
"मग आमच्या ह्यांनीच सरकवली."

म्हणजे तीन इंच धोट्याचे.
अकरा मिलिमीटर तेवढे माझे.

नव्वद अंशाचा हट्ट काढून टाकला,
तशी फरशी मुकाट बसली. जिनाही. मोरीही.
लायब्ररीत बाथटब सतरा प्रकारचे,
पाण्याचा बॅरल एकही नाही, सूप तर नाहीच.
सूप मीच केलं: एक पत्रा, तीन कडा उचललेल्या.
पहिल्यांदा पृष्ठभाग उलटा झाला,
तंबाखू खालून दिसायला लागली.

मग सूर्य. गावांच्या यादीत पुणं होतं, सोलापूर नव्हतं.
आकडे टाकले: सतरा पूर्णांक सहासष्ट,
पंच्याहत्तर पूर्णांक एक्क्याण्णव.
मे महिना, दुपारचे चार.
पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं ते थेट सुपापर्यंत,
पानाची शीर न् शीर दिसावी असं.
मी एकटीच हसले. चित्र छापून घेतलं असतं.

नरसूबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.
हातातली कात्री थांबली नाही,
पानं कापली जात होती आपोआप.
"चार वाजता ऊन घरात येलालंय की गं.
वैशाखात मारतीस का मला?"
मग स्क्रीनजवळ वाकून,
"आणि गुंडल्यांचे तीन मजले कुठं गेले?"

मॉडेलमध्ये शेजारी नव्हते.

तिथंच जमिनीवर बसून एक खोकं काढलं, वर ओढलं.
एक मजला. दोन.
"अजून."
तीन.
"टाकी बी हाय वर. काळी."
टाकी.
सावली पलीकडून आली, खिडकी ओलांडली,
सुपाशी येऊन टेकली.
"हां. आता माझं घर दिसलालंय."

मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात,
"खिडकी दोन हात इकडं घे. उजेड पाहिजे, ऊन नको."
कुणाचे हात, विचारलं.
त्यांनी कात्री ठेवली, हात पुढे केला.
टेप लावला: कोपरापासून मधल्या बोटापर्यंत
साडेसोळा इंच. बोटाला तंबाखूचा वास.
मी तेहतीस टाइप केलं.